तीच माणसे, तोच कायदा

(व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संस्थेतील परिवर्तनाचे नेतृत्व कसे करावे, हा विषय आता व्यवस्थापनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. कुर्ट लेविन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन पायऱ्या, म्हणजे आधी गोठलेले वितळवा, मग बदला, मग पुन्हा गोठवा, आणि हार्वर्डचे प्राध्यापक जॉन कॉटर यांनी १९९६ च्या पुस्तकात मांडलेले आठ टप्पे परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होतात. पाठ करण्यात गैर काही नाही. ही मांडणी अभ्यासातून आलेली आहे आणि ती उपयोगाचीही आहे. परंतु ती मुख्यतः ज्याच्या हाती संस्थेची सूत्रे आहेत, त्याला समोर ठेवून केलेली आहे. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या हाती पहिल्या दिवशी संस्था नसते. त्याच्या वाट्याला एक टेबल येते, एक वरिष्ठ येतो आणि त्याच्या वयाइतकी वर्षे तेच काम करीत आलेली चारसहा माणसे येतात. त्या माणसांनी असे अनेक उत्साही तरुण येताना आणि जाताना पाहिलेले असतात.

अशा तरुणाने परिवर्तनाचे नेतृत्व शिकायचे कोठे आणि कसे? या प्रश्नाचे उत्तर आठ टप्प्यांत शोधण्यापेक्षा प्रत्यक्ष घडलेल्या एका उदाहरणात शोधणे अधिक फलदायी ठरेल. उदाहरण परदेशी कंपनीचे नाही, एका महानगरपालिकेचे आहे. सरकारी कचेरी म्हटले की 'येथे काही बदलत नाही' असे म्हणण्याची आपल्या मध्यमवर्गाला सवय आहे, म्हणून तर ते मुद्दाम घ्यायचे.

सप्टेंबर १९९४. तापीला पूर येऊन गेलेला. त्याआधी थोडे दिवस आपल्या बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. सुरतेत तो फुफ्फुसाच्या प्लेगच्या रूपाने प्रकटला आणि अवघ्या काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहणारी खानदेशी कुटुंबे भुसावळच्या दिशेने जाणारी मिळेल ती गाडी पकडून गावाकडे निघाली. जळगाव-धुळ्याकडे ते दिवस आठवणारी माणसे आजही भेटतात. खासगी डॉक्टरांपैकीही अनेकांनी दवाखाने बंद करून पळ काढला. अधिकृत नोंदीतील मृतांचा आकडा पन्नासच्या थोडा वर आहे, परंतु भीतीने जे नुकसान केले ते त्याच्या कित्येक पट होते. परदेशी विमाने रद्द झाली, निर्यातीला फटका बसला, आणि हिरे व कापडासाठी जगभर ओळखले जाणारे शहर जगातील वृत्तपत्रांत घाणीचे शहर म्हणून झळकले.

यापुढचा भाग विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन पाहावा. कॉटर यांचा पहिला टप्पा निकडीची जाणीव निर्माण करण्याचा आहे. सुरतेत ती निर्माण करावी लागली नाही, मृत्यूनेच ती आणून दिली. मग शहर लगेच बदलले का? नाही. साथ ओसरली, माणसे परतली, यंत्रमाग पुन्हा सुरू झाले. महापालिकेच्या कारभाराला खरे वळण लागले ते मे १९९५ मध्ये, म्हणजे साथीनंतर सातआठ महिन्यांनी, एस. आर. राव हे भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी आयुक्त म्हणून रुजू झाल्यावर. संकटाने समाज हादरतो. पण संस्थेच्या सवयी संकटापेक्षा चिवट असतात. 'एकदा मोठा फटका बसला की सुधारतील' असे म्हणत वाट पाहणारा व्यवस्थापक बहुधा निवृत्त होईपर्यंत वाटच पाहतो.

रावांच्या हाती नवे काय होते? सफाई कामगार तेच, निरीक्षक तेच, अभियंते तेच. कायदाही तोच, १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. त्याच कायद्याखाली त्या वेळी पुण्याचाही कारभार चालत होता, हे पुणेकरांनी ऐकून ठेवण्यासारखे आहे. आयुक्ताला असलेले अधिकार त्या कायद्यात पहिल्यापासून लिहिलेले होते. ते वापरावयाचे कोणी आणि कोठे बसून, एवढाच प्रश्न होता.

पहिली गोष्ट झाली ती अधिकारांच्या वाटपाची. शहराच्या सहा विभागांवर प्रत्येकी एक आयुक्त दर्जाचा अधिकारी नेमून त्याला प्रशासकीय आणि आर्थिक अधिकार देण्यात आले. ऐकायला ही बाब रुक्ष वाटते. तिचे मर्म समजण्यासाठी महापालिकेचे काम कसे अडते ते पाहावे लागेल. रस्त्यावर गटार तुंबते. आरोग्य विभाग म्हणतो, गटार आमच्याकडे नाही, जलनिस्सारणवाल्यांना सांगा. जलनिस्सारण विभाग म्हणतो, कचरा पडला म्हणून गटार तुंबले, कचरा आरोग्याकडे. दोघांचेही म्हणणे नियमाला धरून असते. दोघांचा वरिष्ठ एकच आणि तो मुख्यालयात. त्याच्या टेबलावर असे शेकडो कागद. गटार मात्र तुंबलेलेच. आता त्या भागातील आरोग्य, जलनिस्सारण, बांधकाम असे सगळे एकाच विभागीय आयुक्ताच्या हाताखाली आले आणि खर्चाला मंजुरी देण्याचा अधिकारही त्याच्याकडेच आला, तर टोलवायचे कोणाकडे? टोलवण्याची जागाच उरत नाही. अधिकार खाली गेला तो अधिकाऱ्यांना बरे वाटावे म्हणून नव्हे. त्याच्याबरोबर सबब सांगण्याची सोय काढून घेतली गेली. अधिकार द्यायचा पण उत्तरदायित्व घ्यायचे नाही, किंवा उत्तरदायित्व लादायचे पण अधिकार द्यायचा नाही, या दोन्ही चुका आपल्या कारखान्यांत आणि बँकांत रोज होत असतात. दुसरी चूक अधिक होते.

दुसरी गोष्ट 'एसी टू डीसी' या नावाने गाजली. वातानुकूलित खोलीतून दैनंदिन कामाकडे, असा त्याचा अर्थ. अधिकाऱ्यांनी दिवसातील बराच वेळ रस्त्यावर, वस्तीत, कचऱ्याच्या ढिगापाशी घालवावयाचा आणि दुपारी एकत्र बसून त्या दिवशी काय पाहिले, काय अडले ते सोडवावयाचे. आयुक्त स्वतः याला अपवाद नव्हते. शहराचे नकाशे करून कोणता पट्टा कोणत्या निरीक्षकाचा, तेथे झाडलोट कधी होणार, कचरा कधी उचलणार हे ठरले. रात्रीची सफाई सुरू झाली. तक्रारींना मुदत आली. खाद्यपदार्थांच्या दुकानांची तपासणी होऊ लागली आणि रस्त्यावर घाण टाकणाऱ्याला दंड होऊ लागला. झोपडपट्ट्यांतून फरसबंदी, पाणी व स्वच्छतागृहे यांची कामे निघाली.

यात बुद्धीला दिपवणारे काय आहे? काहीच नाही, आणि हेच समजून घ्यायचे आहे. यातील एकही कल्पना नवी नव्हती. झाडू कधी मारायचा हे सफाई निरीक्षकाला आयुक्तांहून अधिक ठाऊक होते. त्याला आजवर कोणी विचारले नव्हते, आणि त्याने सांगितले असते तरी काही झाले नसते, एवढेच. विचारणारा माणूस रोज समोर येऊ लागला आणि सांगितलेले दुपारपर्यंत होऊ लागले, तेव्हा त्याच निरीक्षकाच्या चालण्यात फरक पडला. माणसे बदलाला विरोध करतात, असे सरसकट म्हटले जाते. या वाक्याचा फार सैल वापर होतो. निष्फळ श्रमांना माणसे विरोध करतात आणि त्यांनी तो करावाच. कितीतरी 'विरोधक' हे मागच्या तीन फसलेल्या सुधारणांचे साक्षीदार असतात.

तिसरी गोष्ट अधिक अवघड. बेकायदा बांधकामे आणि अतिक्रमणे हटवण्याची मोहीम निघाली, तेव्हा प्रारंभ बलवानांपासून झाला. आपल्याकडील रीत उलटी आहे. हातगाडी आधी उचलली जाते आणि मोठ्या इमारतीचे प्रकरण न्यायप्रविष्ट होते. सुरतेत वजनदार मंडळींच्या बांधकामांना हात लागलेला लोकांनी पाहिला आणि मग सामान्य दुकानदाराने स्वतःहून पायरी मागे घेणे शक्य झाले. संस्थेतही असेच घडते. वेळेवर येण्याचा नियम शिपायापासून सुरू झाला की तो शिपायापाशीच संपतो. सरव्यवस्थापकापासून सुरू झाला तर तो खाली सांगावा लागत नाही.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. अशा वेगवान मोहिमेत बलवानांबरोबर दुबळ्यांचेही नुकसान होते. रस्ता रुंद झाला की ज्याचे पोट त्या रस्त्याच्या कडेवर होते तो कोठे तरी जातो, आणि यशोगाथा लिहिणारे त्याच्या मागोमाग जात नाहीत. सफाई कामगारांच्या वाट्यालाही अधिक काम आले. परिवर्तनाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न भावी व्यवस्थापकाने पहिल्या दिवसापासून कागदावर लिहून ठेवावा. त्याचे उत्तर 'तळातील माणूस' असे येत असेल, तर योजनेत काही तरी कमी आहे.

परिणाम लवकर दिसला. १९९६ मध्ये 'इन्टॅक' या संस्थेने सुरतेला देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरविले. प्लेगला तेव्हा दोन वर्षे झाली होती.

हा चमत्कार एका कर्तबगार अधिकाऱ्याचा, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तसे नसते हे दाखविणारे एक उदाहरण पार निराळ्या देशातले आणि निराळ्या उद्योगातले आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फ्रीमॉन्ट येथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. गैरहजेरी, दारू, अचानक संप, निकृष्ट माल यांसाठी तो कुप्रसिद्ध. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो 'नुम्मी' या नावाने पुन्हा उघडला आणि घेतलेले कामगार बहुतांशी जुनेच होते. तीच कामगार संघटना, तीच इमारत. काही काळातच तेथील मोटारींचा दर्जा जपानी कारखान्यांच्या बरोबरीला येऊ लागला आणि गैरहजेरी कोसळली.

काय बदलले? पूर्वी जोडणीची साखळी थांबवणे हा जणू अपराध होता. दोष दिसला तरी गाडी पुढे जाऊ द्यायची. आता प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी आली. अडचण दिसली की त्याने ती ओढावी. दोरी ओढताच गटप्रमुख धावत येई, तो रागावण्यासाठी नव्हे, मदत करण्यासाठी. आता पुढचे पाहा. जनरल मोटर्सने हे शिकण्यासाठी आपले व्यवस्थापक तेथे पाठविले आणि इतर कारखान्यांतही दोरी बसवली. व्हॅन नाइस येथील कारखान्यात हा प्रयोग फसला. १९९२ मध्ये तो कारखानाच बंद झाला. दोरी नेता आली, दोरी ओढल्यावर धावत येणारा वरिष्ठ नेता आला नाही. २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली आणि २०१० मध्ये नुम्मीही बंद झाले. जवळजवळ पंचवीस वर्षे धडा कंपनीच्या घरातच होता.

आपल्याकडे परदेशी पद्धतींची नावे भिंतीवर रंगवणारे कारखाने थोडे नाहीत. फलक लागतो, छायाचित्र निघते, प्रमाणपत्र येते. असो.

मग नव्या तरुणाने शिकायचे काय? टोयोटातील ताइची ओनो यांची एक रीत प्रसिद्ध आहे. ते नवशिक्या अभियंत्याला कारखान्यात नेत, जमिनीवर खडूने वर्तुळ काढीत आणि त्यात उभे राहून काम पाहायला सांगत. तासन्‌तास. परत येऊन विचारीत, काय दिसले? बहुतेक वेळा उत्तर अपुरे ठरे आणि पुन्हा उभे राहावे लागे. आपल्या व्यवस्थापन शिक्षणात सादरीकरणाला जेवढा वेळ मिळतो, त्याचा दहावा हिस्साही या उभे राहण्याला मिळत नाही. उन्हाळी प्रकल्पासाठी कंपनीत गेलेला विद्यार्थी दोन महिन्यांत पन्नास पानांचा अहवाल लिहितो. त्यातील किती पाने माल उतरवणाऱ्या, नोंद करणाऱ्या, गिऱ्हाइकाची शिवी खाणाऱ्या माणसाशेजारी उभे राहून आलेली असतात?

दुसरे असे की, ज्याच्या हाती संस्था नाही त्याच्या हाती निदान स्वतःचे टेबल असते. आपल्याकडे येणारा कागद किती दिवस थांबतो, आपल्यामुळे पुढच्याचे काम किती वेळा अडते, हे मोजायला कोणाची परवानगी लागत नाही. शेजारच्या ज्येष्ठ कारकुनाला ही पद्धत अशीच का आहे, असे विचारायलाही लागत नाही. मात्र त्या विचारण्यात उलटतपासणीचा सूर नसावा. पुष्कळदा त्या 'जुनाट' पद्धतीमागे एखादी जुनी फसवणूक, लेखापरीक्षणातील एखादा आक्षेप, एखाद्या सहकाऱ्याची गेलेली नोकरी दडलेली असते. ते कारण ठाऊक नसताना पद्धत मोडणारा तरुण तीच आपत्ती नव्याने ओढवून घेतो. कारण समजून घेतल्यावर ज्येष्ठ मंडळीच बहुधा सांगतात की ते कारण आता उरलेले नाही, आणि मग बदल त्यांच्या तोंडून निघतो. तो त्यांच्याच नावावर राहू द्यावा. श्रेयाच्या बाबतीत कंजूष असणाऱ्याला दुसऱ्या वेळी कोणी काही सांगत नाही.

आणि पराभव होणारच. त्याची तयारी वर्गात कोणी करून घेत नाही. ई. श्रीधरन यांचे नाव कोकण रेल्वेमुळे मराठी घराघरांत पोहोचले. दिल्ली मेट्रोच्या वेळी रुळांची रुंदी किती असावी यावर त्यांचा आणि रेल्वेचा तीव्र मतभेद झाला. जगातील बहुतेक मेट्रोंप्रमाणे प्रमाण-मापी रूळ असावेत असे त्यांचे आग्रही मत होते. निर्णय झाला रुंद-मापीच्या बाजूने. कामाचा प्रमुखच या वादात हरला होता. तथापि त्यांनी काम खोळंबू दिले नाही. पहिला मार्ग डिसेंबर २००२ मध्ये धावू लागला आणि पुढे दुसऱ्या टप्प्यात काही मार्ग प्रमाण-मापी झाले. मुद्दा हरल्यावर कामात खोट ठेवून 'पाहा, सांगितले नव्हते का?' म्हणण्याची संधी शोधणारे विद्वान प्रत्येक कचेरीत असतात. त्यांच्या मताला पुढच्या खेपेस वजन उरत नाही.

सर्वांत कठीण कसोटी नेता गेल्यानंतरची. शिवछत्रपतींनी वतने व जहागिऱ्या वाटण्याच्या रिवाजाला आळा घालून रोख वेतनाची पद्धत आणली, हे शालेय पुस्तकातही असते. पुढे राजाराम महाराजांच्या काळात मोगली आक्रमणाच्या वरवंट्याखाली माणसे टिकवून धरण्यासाठी वतने आणि सरंजाम पुन्हा द्यावे लागले. ती त्या काळाची अगतिकता होती, तिला दोष देणे अन्यायाचे ठरेल. परंतु ताण पडला की जुनी रीत कोणत्या वाटेने परत येते, ते त्यात दिसते. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांविषयी एवढे सावधपणे लिहिले, ते हे सारे डोळ्यांनी पाहिल्यावर.

सुरतेतही तीच भीती होती. राव तेथे सुमारे अडीच वर्षेच होते, नंतर बदली झाली. 'आता पुन्हा पूर्ववत होणार' असे भाकीत करणे अवघड नव्हते. परंतु विभागांना दिलेले अधिकार मुख्यालयाने परत ओढून घेतले नाहीत, निरीक्षकांचे पट्टे ठरलेले राहिले, रात्रीची सफाई चालू राहिली. नंतर आलेल्या आयुक्तांनी जुने पुसून आपल्या नावाची नवी योजना काढण्याचा मोह आवरला, याचे श्रेय त्यांना क्वचित दिले जाते. ऑगस्ट २००६ मध्ये तापीने १९९४ पेक्षाही मोठा तडाखा दिला. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. पाणी उतरल्यावर चिखल आणि कचरा उपसण्याचे काम विभागवार सुरू झाले. प्लेग परतला नाही, आणि रोगाच्या भीतीने शहर पुन्हा ओस पडले नाही. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरबरोबर पहिला क्रमांक विभागून घेतला. १९९५ मध्ये पट्ट्यावर उभे असलेले निरीक्षक तोवर बहुतेक निवृत्त झालेले होते.